चीज आणि फळांचा प्लॅटर सजवताय? आधी पाहुणे बघा, मग घड्याळ बघा, फुलांचे आकार शेवटी!

दिवाळीचं गेट-टुगेदर असो, नव्या घराची पार्टी असो की पोरांचा वाढदिवस, हल्ली टेबलाच्या मधोमध एक लाकडी फळी हमखास दिसते. तिच्यावर चीजच्या त्रिकोणी फोडी, द्राक्षांचे घोस, पंख्यासारखी पसरलेली बिस्किटं, मधाची इवलीशी वाटी आणि कुठेतरी खोचलेली एक हिरवी काडी. फोटो निघतो, स्टोरीवर जातो, बदाम मिळतात.

आता त्याच फळीकडे पाऊण तासाने बघा. चीजला तेलकट घाम फुटलेला असतो, सफरचंद तपकिरी पडलेलं असतं, बिस्किटं सादळलेली असतात आणि कोणीतरी मावशी हळूच विचारत असतात, "हे शाकाहारीच आहे ना गं?"

मंडळी, यात तुमच्या हाताचा दोष नाही. ज्या रील्स बघून आपण प्लॅटर करतो त्या बहुतेक थंड देशांतल्या स्वयंपाकघरात शूट झालेल्या असतात. तिथे "चीज तासभर आधी बाहेर काढून रूम टेंपरेचरला आणा" म्हणतात, तेव्हा ते रूम टेंपरेचर साधारण 18 ते 20 अंश असतं. आपल्याकडे एप्रिलमधल्या संध्याकाळी दिवाणखान्यात सहज 32 अंश असतात. वाक्य तेच, पण अर्थ पार बदलतो. त्यामुळे प्लॅटर कसा दिसेल हे ठरवण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: खाणार कोण आहे, आणि तो किती वेळ बाहेर राहणार आहे. ते जमलं की सजावट फार अवघड नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू

सोशल मीडियावर अशा कुठल्याही फळीला सर्रास "शार्कुटरी बोर्ड" म्हणतात. हा शब्द फ्रेंच आहे आणि तो बनलाय 'मांस' आणि 'शिजवलेलं' या दोन शब्दांपासून. शार्कुटरी म्हणजे मुख्यतः डुकराच्या मांसाचे खारवलेले, वाळवलेले किंवा शिजवलेले प्रकार: हॅम, सॉसेज, सलामी वगैरे. म्हणजे शुद्ध शाकाहारी पार्टीचा फोटो टाकून खाली "माय शार्कुटरी बोर्ड" लिहिणं म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीला बिर्याणी म्हणण्यासारखं आहे. तुमच्या फळीवर चीज आणि फळंच असतील तर सरळ चीज प्लॅटर म्हणा.

आणि सलामी ठेवायचीच असेल तर ती वेगळ्या ताटलीत, वेगळ्या चिमट्यासकट, शक्यतो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. एकाच फळीवर "त्या कोपऱ्यात ठेवलंय" हे आपल्याकडे चालत नाही. बरेच शाकाहारी पाहुणे मग त्या फळीवरच्या द्राक्षालाही हात लावत नाहीत, आणि तसं तोंडावर बोलतही नाहीत.

"चीज शाकाहारी असतं ना?" या प्रश्नाचं खरं उत्तर

उत्तर आहे: कधी असतं, कधी नसतं.

पनीर करताना आपण दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून ते फाडतो. पण चेडर, गौडा, पार्मेझान अशी बहुतेक चीज रेनेट नावाच्या विकराने म्हणजे एन्झाइमने दूध विरजून करतात. पारंपरिक रेनेट येतं दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून. ते मिळवण्यासाठी वासरू मारावं लागतं. आता जगभर बुरशीपासून किंवा इतर सूक्ष्मजीवांकडून तयार केलेलं रेनेट मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. तेही तेच काम करतं आणि त्यापासून बनलेलं चीज शाकाहारी धरलं जातं. भारतात बनणारं बहुतेक चीज याच प्रकारचं असतं. त्यामुळे दुकानातून भारतीय चीज आणत असाल तर पाकिटावरचा चौकोनातला हिरवा ठिपका बघा, काम झालं. मांसाहारी पदार्थांवर पूर्वी तपकिरी गोल असायचा, नव्या नियमांनुसार त्या जागी तपकिरी त्रिकोण असतो.

खरी गोची होते ती बॅगेतून आलेल्या चीजची. अमेरिकेतला भाऊ किंवा युरोप फिरून आलेली मैत्रीण मोठ्या प्रेमाने इटलीतलं अस्सल पार्मेझान आणते. त्यावर आपला हिरवा ठिपका नसतो. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानोच्या ठरलेल्या नियमांनुसार ते वासराच्या रेनेटनेच करावं लागतं, म्हणजे 'अस्सल आणि शाकाहारी' असं पार्मिजानो मिळणारच नाही. ग्राना पादानो आणि फ्रान्सचं रोकफोर यांचंही तेच: रेनेट प्राणिजन्य. अमेरिकी पाकिटावर नुसतं "एन्झाइम्स" लिहिलेलं असतं, त्यावरून ते प्राण्याचं की सूक्ष्मजीवांचं हे कळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र बऱ्याच पाकिटांवर शाकाहारींसाठी योग्य असल्याचं स्पष्ट छापतात.

शंका असेल तर असं चीज घरच्या खाणाऱ्यांसाठी ठेवा आणि पाहुण्यांच्या फळीवर मांडू नका. एखाद्याने आयुष्यभर पाळलेली गोष्ट आपल्या घरी अजाणता मोडावी, एवढं मोठं कुठलंच चीज नाही.

पाहुण्यांत जैन कुटुंब असेल तर आणखी थोडी काळजी. मध ते खात नाहीत, अनेकजण अंजीरही खात नाहीत, आणि मसालेदार क्रॅकरमध्ये कांदा-लसणाची पूड असते ती वेगळीच. मधाच्या जागी काकवी किंवा खजुराचं सिरप ठेवलं तर कुणाला वेगळं वाटतही नाही. आणि पार्टीची तारीख ठरवताना कालनिर्णयवर एक नजर टाका. संकष्टी किंवा एकादशी असेल तर फळांची एक वाटी मुख्य फळीपासून लांब ठेवा, कारण बिस्किटांचे कण पडलेली फळं उपासवाल्यांना चालत नाहीत.

गरोदर पाहुणी, लहान पोरं आणि बीपीवाले काका

हा भाग सजावटीच्या व्हिडिओत जवळजवळ कधीच नसतो, म्हणून इथे जरा थांबू.

ब्री आणि कामेम्बेर ही पांढऱ्या बुरशीच्या सालीची मऊ चीज, आणि निळ्या रेषांचं मऊ ब्लू चीज, गरोदर बायकांनी न शिजवता खाऊ नये असा सल्ला ब्रिटनची आरोग्यसेवा देते. कारण लिस्टेरिया नावाचा जिवाणू. तो ओलसर, कमी आंबट चीजमध्ये वाढू शकतो, आणि फ्रिजच्या थंडाव्यातही त्याची वाढ पूर्ण थांबत नाही. एरवी धडधाकट माणसाला फारसं काही होणार नाही, पण गरोदरपणात हा संसर्ग बाळापर्यंत पोहोचू शकतो. पाश्चराइज्ड दुधाचं चेडर, गौडा यांसारखी कडक चीज मात्र चालतात. म्हणजे गरोदर मैत्रिणीला "तू यातलं काही खाऊ नकोस" म्हणायची गरज नाही. फक्त कुठलं कुठलं आहे ते सांगा, आणि मऊ चीजची सुरी कडक चीजला लागू देऊ नका.

लिस्टेरिया फक्त चीजमध्येच असतो असंही नाही. 2011 साली अमेरिकेत खरबुजातून तो पसरला होता आणि त्या साथीत 33 माणसं दगावली. जंतू फळाच्या सालीवर असतात आणि सुरी फिरली की गरात उतरतात. म्हणून खरबूज, कलिंगड, संत्रं अशी फळं सोलून खायची असली तरी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची आणि मगच कापायची.

पाच वर्षांखालच्या पोरांसाठी अख्खं द्राक्ष धोक्याचं असतं. त्याचा आकार नेमका लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकेल असा, वर ते गुळगुळीत आणि लवचीक. घोस दिसायला सुंदर दिसतो, तो ठेवा, पण पोरांच्या ताटलीत द्राक्षं उभी चिरून, चार फोडी करून द्या. आडवी चिरलेली अर्धी द्राक्षं पुरेशी सुरक्षित नाहीत. अख्खे बदाम-काजू आणि चीजचे जाड चौकोनही याच यादीत येतात. चीज पातळ काप करून द्यायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, कितीही हौस असली तरी.

बीपी असणाऱ्यांसाठी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे चीजमधलं मीठ. प्रोसेस्ड चीज आणि फेटा खारट, ताजं पनीर किंवा साधं मोझरेला त्यामानाने कमी. आणि ज्यांना दूध पचत नाही ते बरेचदा चीजला घाबरतात, पण मुरलेल्या चेडर-गौडामध्ये दुधाची साखर जवळजवळ उरतच नाही. बराचसा लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातो, उरलेला मुरताना जिवाणू संपवतात.

कुठली चीज घ्यायची?

आठ माणसं, आणि नंतर जेवण आहे असं धरू. माणशी 40 ते 50 ग्रॅम चीज पुष्कळ झालं, म्हणजे एकूण 320-400 ग्रॅम. जेवणाऐवजीच प्लॅटर असेल तर याच्या दीडपट-दुप्पट. सात प्रकार थोडे थोडे आणण्यापेक्षा तीनच आणा: एक कडक, एक मऊ, एक जरा वेगळं.

कडक म्हणजे चेडर किंवा गौडा. गौडा किंवा एडामवर लाल-पिवळं मेणाचं आवरण असतं, ते खायचं नसतं. ब्रीची पांढरी साल मात्र खायची असते. हे पाहुण्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून मेण आधीच काढून टाका. जुन्या मुरलेल्या चीजमध्ये दाताखाली बारीक खडे लागतात, ते मीठ नव्हे आणि खराबीही नव्हे. प्रथिनं फुटताना तयार झालेले ते स्फटिक असतात आणि चीज चांगलं मुरल्याची खूण मानली जाते.

मऊ म्हणजे ब्री, क्रीम चीज, ताजं मोझरेला, किंवा चक्क घरचं पनीर मिरपूड आणि मीठ लावून. घट्ट बांधलेला चक्का मीठ, जिरेपूड घालून एका वाटीत ठेवला तर तो कुठल्याही महागड्या स्प्रेडच्या तोडीस तोड लागतो.

तिसरं वेगळं काय? ब्लू चीज ठेवायचं तर वेगळ्या वाटीत, वेगळ्या सुरीसह, कारण त्याचा वास आणि बुरशी दोन्ही शेजाऱ्याला लागतात. आणि एक चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी ते "खराब झालंय वाटतं" म्हणून उचलून टाकेल. इथे आपल्याकडच्या चीजचाही विचार करा. मुंबईच्या एलिफ्थेरिया या छोट्या चीजघराच्या ब्रूनोस्टला 2021 च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्य मिळालं. ब्रूनोस्ट मूळचं नॉर्वेचं. चीज करताना सुटलेलं पाणी आटवत आटवत ते तपकिरी करतात. चव अशी की आपल्याला कंदी पेढा आठवावा. पेढ्याच्या भाषेत सांगितलं की आजीसुद्धा चाखून बघते.

आता थोडं प्रोसेस्ड चीजबद्दल. प्लॅटरवर साधे चीज क्यूब ठेवायला लोकांना लाज वाटते. वाटू नये. प्रोसेस्ड चीज 1911 मध्ये स्वित्झर्लंडच्या थुन गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रित्स स्टेटलर यांनी तयार केलं. चीज जास्त टिकावं आणि उष्ण देशांपर्यंत नीट पोहोचावं ही त्यामागची गरज होती. त्यातल्या क्षारांमुळे पाणी, प्रथिनं आणि स्निग्धांश एकजीव राहतात, म्हणून उन्हाळ्यात चेडरला तेल सुटतं तिथे क्यूब तग धरून उभा असतो. मे महिन्यात गच्चीवर पार्टी असेल तर क्यूबच बरोबर. चवीत तो चेडरची बरोबरी करत नाही हे खरं, पण वितळलेलं महाग चेडरही कुणी आवडीने खात नाही.

खरेदी करताना घटकांच्या यादीत "खाद्य वनस्पती तेल" दिसलं, किंवा पाकिटावर "अ‍ॅनालॉग" लिहिलेलं असलं, तर ते चीज नव्हे, चीजसारखं काहीतरी आहे. पिझ्झ्यावर वितळून चालून जातं, प्लॅटरवर नुसतं खाल्लं की लगेच कळतं.

फळं: कोण कोणाशी भांडतं?

चीजबरोबर फळ का चांगलं लागतं? चीजचा स्निग्धांश जिभेवर थर धरतो, फळातला आंबटपणा तो साफ करतो, की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. शिवाय खारटपणामुळे गोडी जास्त जाणवते. पेरूला तिखट-मीठ लावणाऱ्या लोकांना हे वेगळं शिकवायला नको.

पेरूवरून आठवलं. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि खारट पांढरं चीज ही जोडी इतकी लाडकी आहे की तिला 'रोमिओ-ज्युलिएट' म्हणतात. तीच पेरूची वडी पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्या शेजारी गोव्यातही आहे. नाताळच्या गोडधोडात असणारं पेराड ते हेच. इंग्रजीत त्याला 'ग्वावा चीज' म्हणतात, जरी त्यात चीजचा कणही नसतो. पेराडचे पातळ काप आणि त्यावर चेडरचा तुकडा ठेवून बघा. परदेशी अंजीर जॅमची बाटली आणायची गरज उरणार नाही. तसाच उपयोग साखरांब्याचा आणि आवळ्याच्या मोरांब्याचाही होतो.

काही फळं मात्र दुधाशी भांडतात. ताजा अननस, किवी आणि कच्ची-अर्धी पिकलेली पपई यांत प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात. पनीर, क्रीम चीज किंवा चक्क्याला ती लागून राहिली की थोड्या वेळात कडवट चव येते आणि पाणी सुटतं. तुम्ही म्हणाल, मग जुन्या पार्ट्यांत टूथपिकला चीज, अननस आणि लाल चेरी लावून ती कोबीच्या गड्ड्यावर साळिंदरासारखी टोचायचे, ते कसं चालायचं? कारण तो अननस डब्यातला असायचा. डबाबंद करताना तो गरम केला जातो आणि एन्झाइम निकामी होतो. म्हणून ताजा अननस ठेवायचा तर वेगळ्या वाटीत, डब्यातला असेल तर खुशाल टोचा.

कलिंगड, पिकलेला हापूस, सोललेलं संत्रं यांना रस सुटतो, त्यांची जागा वाटीत. केळं फळीवर आणूच नका. सीताफळ कितीही आवडतं असलं तरी बिया थुंकायची सोय कुठे करणार? याउलट द्राक्षं, स्ट्रॉबेरी, पेअर, सफरचंद, डाळिंबाचे दाणे, ताजे अंजीर ही प्लॅटरसाठीच जन्मलेली फळं. जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि नाशिकची द्राक्षं एकदमच बाजारात असतात, पुरंदरचे अंजीरही त्याच सुमारास दिसू लागतात. प्लॅटर करायला आपल्याकडे याहून चांगला काळ नाही. पावसाळ्यात आयात बेरींवर पैसे घालवण्यापेक्षा पेअर आणि डाळिंब घ्या.

सफरचंद-पेअर काळं पडू नये म्हणून लिंबू पिळतात, पण चव आंबट होते. त्यापेक्षा एक कप पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून फोडी पाच-दहा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यातून काढा. मीठ जाणवत नाही आणि दीड-दोन तास रंग टिकतो. फळं धुतल्यावर पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. बिस्किटं सादळतात ती बहुतेक वेळा हवेने नाही, ओल्या द्राक्षांनी.

मांडायचं कशावर आणि कसं?

महागडी फळी नसेल तर घरातला लाकडी पोळपाट उत्तम. पायांवर उभा असल्याने आपोआप उंची मिळते. स्टीलची परात, त्यावर केळीचं पान हेही झकास दिसतं. फक्त आजीचं पितळेचं किंवा तांब्याचं ताट काढायचा मोह होत असेल तर आत कल्हई आहे का बघा. कल्हई नसेल तर आंबट फळं आणि चीज त्यात कळकतात, धातू अन्नात उतरतो. त्यावर केळीचं पान अंथरून वाट्या ठेवायच्या, किंवा मग ते ताट फक्त अक्रोड-बदामांसाठी वापरायचं.

मांडणीचा क्रम तुम्हाला खरं तर माहीत आहे. आपण पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधी वाढतो. त्यांची जागा ठरलेली असते आणि बाकी सगळं त्यांच्या आधाराने बसतं. इथेही आधी वाट्या: मोरांबा, चक्का, रसाळ फळं. तीन वाट्या, एका ओळीत नकोत, त्रिकोणात. मग प्रत्येक वाटीजवळ एक चीज. तिन्ही चीज वेगवेगळ्या आकारात कापा: चेडरचे पातळ त्रिकोण एकावर एक सरकवून, गौड्याच्या बोटभर काड्या, ब्रीचं चाक अख्खंच ठेवून एक फोड कापलेली. ती एक फोड कापणं महत्त्वाचं, नाहीतर अख्ख्या चाकाला पहिली सुरी लावायला कोणीच पुढे येत नाही.

मग क्रॅकर. ते वळणदार ओळीत ठेवले की नदीसारखे दिसतात, पण अर्धेच ठेवा, बाकीचे डब्यात. खाकऱ्याचे तुकडे, तव्यावर कडक केलेली नाचणीची भाकरी, तिळाची पातळ चिक्की हे सगळं इथे शोभतं. त्यानंतर मोठी फळं, मग छोटी, आणि उरलेल्या फटींत अक्रोड, मनुका, डाळिंबाचे दाणे. फळी भरगच्च दिसते ती जास्त सामानाने नाही, फटी बुजवल्याने. रंगांचं एवढंच सूत्र की पिवळ्याशेजारी पिवळं नको. चेडरजवळ काळी द्राक्षं, ब्रीजवळ स्ट्रॉबेरी.

शेवटी हिरवाई आणि फुलं. इथे मात्र सावध राहा. कण्हेर, घाणेरी, सदाफुली ही फुलं दिसायला गोड आणि पोटात विषारी आहेत. चाफ्याच्या चिकाने तोंडाला खाज सुटते. फुलवाल्याकडच्या गुलाबांवर फवारणी केलेली असते. पदार्थाला लागणार असेल तर घरच्या कुंडीतली गोकर्ण, जास्वंद किंवा गुलाबाच्या पाकळ्या वापरा. रोजमेरी शोधत चार दुकानं फिरण्यापेक्षा पुदिन्याची जुडी आणा. ती स्वस्त आहे आणि खाताही येते.

आता घड्याळ

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सोपा आहे: नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. कापलेली फळं, पनीर, ब्री, क्रीम चीज हे सगळं यात आलं. कडक चीज जास्त सोसतं, पण दुधातला स्निग्धांश तिशीच्या पुढे वितळू लागतो, म्हणून त्याला घाम फुटतो.

आणि आपल्याकडे साडेसातचं बोलावणं असलं की पाहुणे सव्वाआठला येतात. सात वाजता सजवून तयार ठेवलेला प्लॅटर पहिला पाहुणा बेल वाजवेपर्यंतच निम्मं आयुष्य जगलेला असतो.

त्यामुळे दुपारीच चीज कापून, थरांमध्ये बटर पेपर घालून डब्यात भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फळं धुवून कोरडी करून ठेवा. सुका मेवा आणि वाट्या सातलाच फळीवर मांडा, त्यांना काही होत नाही. चीज पाहुणे खरंच आल्यावर काढा. थंडीत अर्धा तास आधी काढलं तरी चालेल, पण उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सफरचंद-पेअर सगळ्यात शेवटी कापा. बाकीची तयारी असेल तर मांडायला दहा मिनिटं लागतात, आणि सरबताचे ग्लास फिरेपर्यंत तेवढा वेळ मिळतोच.

दुसरी युक्ती: एका भल्यामोठ्या फळीऐवजी दोन छोट्या करा. पहिली बाहेर, दुसरी फ्रिजमध्ये झाकून. तासाने बदला. उशिरा येणाऱ्यांनाही उष्टावलेली, विस्कटलेली फळी बघावी लागत नाही, आणि फोटो दोनदा निघतो! फारच उकडत असेल तर परातीत बर्फ पसरून त्यावर स्टीलचं ताट ठेवा आणि मऊ चीज, फळं त्यात मांडा. बिस्किटं मात्र बर्फापासून लांब.

उरलं तर?

दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेली कापलेली फळं आणि मऊ चीज जिवावर येतं तरी टाकून द्या. पहिल्या तासातच आत ठेवलेली फळं दुसऱ्या दिवशी फ्रूट सॅलडमध्ये घालता येतात. कडक चीज प्लास्टिकमध्ये घट्ट न गुंडाळता आधी बटर पेपरमध्ये आणि मग डब्यात ठेवा, म्हणजे वाळत नाही आणि ओल धरून बुरशीही लवकर येत नाही. हातांनी चाळवलेले चेडरचे तुकडे दोन-तीन दिवसांत किसून टोस्टवर किंवा पराठ्यात संपवा. सादळलेले क्रॅकर मंद तव्यावर पाच मिनिटं परतले की पुन्हा कुरकुरीत होतात, आणि सकाळच्या चहाबरोबर राहिलेल्या मोरांब्यासकट संपतात.